पावसाळ्याआधीची यादी: आमची वाटचाल

१९८८ साली वडिलांनी सांगलीच्या गणपती पेठेत औषधांची घाऊक एजन्सी सुरू केली. एक छोटा गाळा, एक सायकल आणि मिरज, तासगाव, पलूसकडच्या दुकानदारांच्या उधारीची वही, एवढंच भांडवल. बी.फार्म. होऊन २००९ मध्ये मी गल्ल्यावर बसलो, तेव्हा माझं गणित सरळ होतं: माल पडून राहता कामा नये. पुण्याच्या डेपोला सकाळी ऑर्डर दिली की दुसऱ्या दिवशी पार्सल दारात. मग आठ दिवसांपेक्षा जास्त साठा ठेवायचा कशाला?

दहा वर्षं हे गणित जुळलं. ऑगस्ट २०१९ मध्ये कोलमडलं.

आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि जवळपास आठवडाभर कोल्हापूरकडून काही येईना. गाळ्यात पाणी शिरायच्या आदल्या रात्री आम्ही खोकी मिरजेला मामांच्या घरी हलवली. वीज नव्हती. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं हे पाठ होतं, म्हणून मी व्हायल (इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या) थर्माकोलच्या डब्यात गोठवलेल्या आइस पॅकला चिकटवून भरल्या. उकाड्याच्या भीतीने गारठ्याचा विचारच केला नाही. बर्फाला टेकलेलं इन्सुलिन गोठतं, आणि एकदा गोठलं की वितळल्यावरही ते वापरता येत नाही. सकाळी अख्खा डबा बाजूला काढावा लागला. त्या दिवशी इन्सुलिनसाठी आलेल्या माणसांना मी परत पाठवलं. ते चेहरे अजून आठवतात.

तिसऱ्या दिवशी पलूसकडच्या एका डॉक्टरांचा फोन आला. घोणस चावलेला पेशंट, आणि हाताशी सापाच्या लसीच्या, म्हणजे विषावरच्या उताऱ्याच्या, चारच व्हायल. पुरात सापही कोरडी जागा शोधतो. माणसं ज्या माळ्यावर चढतात, तिथेच तो येतो. पहिल्या डोसलाच आठ-दहा व्हायल लागतात. माझ्याकडे सहा होत्या. भाच्याने मोटारसायकलवरून तासगावमार्गे नेऊन दिल्या. पेशंट वाचला. पण अकरावी व्हायल लागली असती, तर ती संपूर्ण तालुक्यात कुठे मिळाली असती, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

ही लस घाईने बनत नाही. विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुळा समाजाच्या सहकारी संस्थेकडून येतं. ते थोडं-थोडं घोड्यांना टोचायचं, त्यांच्या रक्तात विषाला निकामी करणारी प्रतिपिंडं तयार होऊ द्यायची, मग ती वेगळी काढून शुद्ध करायची. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर मिळून एकच लस. मागणी वाढली म्हणून महिनाभरात दुप्पट होणारा हा माल नाही.

तेव्हापासून यादी करायची पद्धत बदलली. जास्त खपतं काय, हे पूर्वी पहिल्या रकान्यात असायचं. आता पहिला प्रश्न असतो: हे मिळालं नाही तर पेशंटचं काय होईल, आणि त्याला पर्याय आहे का? सापाची लस, इन्सुलिन, धनुर्वाताचं इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) यांचा दीड महिन्याचा साठा मे संपण्याआधी भरतो. लस शक्यतो पावडर स्वरूपातली घेतो, कारण द्रवरूप लसीसारखी ती सतत फ्रीजवर अवलंबून नसते. साठा तीन ठिकाणी वाटून ठेवतो: सांगलीत वरच्या मजल्यावर, मिरजेत, विट्यात. आइस पॅक आणि इन्सुलिनच्या मध्ये पुठ्ठा घालतो, डब्यात थर्मामीटर ठेवतो. पैसा अडकतो, व्याज भरावं लागतं, थोडं एक्स्पायरीतही जातं. वडिलांना हे सुरुवातीला पटलं नाही. वही त्यांनी दोनदा तपासली.

कोविडमध्ये वेगळंच शिकायला मिळालं. एप्रिल २०२१ मध्ये रेमडेसिविरचं वाटप जिल्हाधिकारी कार्यालयांमार्फत होत होतं, त्यामुळे आमच्या हातात फारसं काही नव्हतं. रोजचं काम मात्र अडायचं ते हमाल आणि गाडीपायी. दोन ड्रायव्हर तेव्हापासून पगारावर आहेत.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं. पुण्याची गाडी फलटण, दहिवडी, विटा या दुष्काळी पट्ट्यातून तासगावला उतरली. वेळ जास्त लागला, पण माल थंड पोहोचला. इन्सुलिनची एकही व्हायल टाकावी लागली नाही. पलूसच्या त्याच डॉक्टरांचा फोन त्या आठवड्यात आला होता. त्यांच्याकडे सापाच्या लसीच्या वीस व्हायल होत्या. शेजारच्या गावातल्या दवाखान्याला त्यातल्या पाच देऊ का, एवढंच विचारायला.