वापरलेला एंटरप्राइज स्विच घरात नांदण्याजोगा करताना

मोठ्या कार्यालयांतून निवृत्त झालेले नेटवर्क स्विच, म्हणजे अनेक संगणक केबलने एकमेकांना जोडणाऱ्या पेट्या, वापरलेल्या उपकरणांच्या बाजारात नियमितपणे येत असतात. २४ किंवा ४८ गिगाबिट पोर्ट (केबल लावण्याच्या जागा), त्यांच्या जोडीला दहा-गिगाबिटचे काही एसएफपी-प्लस पोर्ट (ज्यांत वेगळे मॉड्यूल किंवा खास केबल बसते), व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी आभासी नेटवर्क), बऱ्याचदा रूटिंगसुद्धा (एका नेटवर्कमधून दुसऱ्यात माहिती पोहोचवणे), असा ऐवज घरगुती वापरासाठी तयार केलेल्या नव्या स्विचमध्ये एकत्र क्वचितच मिळतो. अडचण असते ती आवाजाची. जिथे कोणी बसत नाही, झोपत नाही अशा वातानुकूलित खोलीसाठी कार्यालयातला स्विच बनवलेला असल्यामुळे त्याच्या रचनाकारांनी आवाजाचा विचार केलेला नसतो आणि तसा तो करण्याचे त्यांना कारणही नव्हते. असा स्विच घरात आणल्यावर बहुतेक जण पहिल्याच संध्याकाळी नव्या पंख्यांची मागणी नोंदवतात. माझ्या मते पंखे बदलणे ही या कामातली शेवटची पायरी असावी, कारण पंख्याचा आवाज हे लक्षण आहे आणि आतली उष्णता हे त्यामागचे कारण आहे.

आवाज एवढा मोठा का असतो, हे आधी पाहू. हे स्विच ज्या रॅकमध्ये (उपकरणांच्या मांडणीत) बसतात, तिथे उंची ‘यू’ या मापात मोजतात. एका ‘यू’ची उंची ४४.४५ मिलिमीटर असते, त्यामुळे एका ‘यू’च्या स्विचमध्ये आत उभा पंखा बसवायचा तर तो ४० मिलिमीटरचाच बसतो. एवढ्या लहान पात्यांनी पुरेशी हवा दाट भरलेल्या पेटीतून ढकलायची, तर वेग मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या आसपास किंवा त्याही पलीकडे न्यावा लागतो. पंख्यांचे साधे नियम असे आहेत की हवेचा प्रवाह वेगाच्या प्रमाणात बदलतो, दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि लागणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात. वेग निम्मा केला तर प्रवाह निम्मा होतो, दाब चौथाईवर येतो आणि आवाज साधारणपणे १५ डेसिबलने उतरतो. आवाज दहा डेसिबलने उतरला की तो कानाला सुमारे निम्मा वाटतो, हे लक्षात घेतले तर वेग थोडा जरी कमी करता आला तरी हाती केवढे लागते ते समजते. पण त्याच हिशेबाची दुसरी बाजू म्हणजे चौथाईवर आलेला दाब, आणि अडथळ्यांनी भरलेल्या पेटीत हवा पुढे सरकते ती दाबामुळेच.

म्हणून पहिले काम मोजमापाचे. स्विच आणि भिंतीतला सॉकेट यांच्यामध्ये वॉटमीटर लावावा, कन्सोल पोर्टला (संगणकावरून स्विचला थेट आज्ञा देण्याच्या जागेला) केबल जोडावी आणि स्विच स्वतःच्या संवेदकांवर कोणते तापमान दाखवतो ते मूळ पंख्यांसह, झाकण बंद असताना, काही तास चालवून नोंदवून ठेवावे. कन्सोलचा वेग बहुतेक ठिकाणी ९६०० बॉड, आठ डेटा बिट, पॅरिटी नाही आणि एक स्टॉप बिट असा असतो. पोर्ट दिसायला नेटवर्कच्या पोर्टसारखा असला तरी आतली जोडणी सीरियलची असते, त्यामुळे साधी नेटवर्क केबल तिथे चालत नाही. विद्युत पातळी आरएस-२३२ची (जुन्या सीरियल जोडणीच्या मानकाची, जास्त व्होल्टची) असल्याने लहान सर्किटबोर्डांना लावतात ते ३.३ व्होल्टचे अडॅप्टरही तिथे जोडू नयेत. धोक्याची आणि बंद पडण्याची मर्यादा कोणत्या तापमानाला ठरवलेली आहे, हे बहुतेक स्विच याच कन्सोलवर सांगतात. पुढचे सगळे निर्णय कानाने न घेता या आकड्यांवरून घ्यायचे आहेत.

दुसरे काम फर्मवेअरचे, म्हणजे स्विचच्या आतल्या सॉफ्टवेअरचे. त्याचा आवाजाशीही संबंध आहे, कारण काही स्विचमध्ये पंख्याच्या वेगाचे वेळापत्रक फर्मवेअरच ठरवते आणि नव्या आवृत्तीत ते सौम्य झालेले असू शकते. जुन्या मालकाची मांडणी आणि पासवर्ड बूटलोडरमधून (सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममधून) पुसता येतात. त्यानंतर आवृत्ती चढवण्याची रीतसर वाट बहुधा टीएफटीपी या नेटवर्कवरून फाइल पाठवण्याच्या साध्या प्रोटोकॉलची असते. या प्रोटोकॉलच्या मूळ स्वरूपात ५१२ बाइटचे तुकडे आणि त्यांना सोळा बिटांचा क्रमांक असल्यामुळे ३२ मेगाबाइटपेक्षा मोठी फाइल त्यातून जात नाही. जुना बूटलोडर नव्या, मोठ्या फाइलवर अर्ध्यातच अडखळला तर दोष केबलचा असेलच असे नाही. अशा वेळी आधी मधली आवृत्ती चढवून, तिच्यातील सुधारित मार्गाने पुढे जावे लागते. बहुतेक स्विचमध्ये फर्मवेअरसाठी दोन जागा असतात. चालती आवृत्ती पहिल्या जागेत तशीच ठेवून नवी दुसरीत घालावी आणि एकदा तिच्यावरून सुरू करून पाहावे. बूटलोडर स्वतः लिहिला जात असताना मात्र वीज जाता कामा नये. घरात यूपीएस असेल तर स्विच तेवढ्या वेळेपुरता त्यावर घ्यावा.

फाइल शोधताना कंपन्यांचा इतिहास माहीत असलेला बरा. फाउंड्री ही कंपनी २००८ मध्ये ब्रोकेडने घेतली. ब्रोकेडची आयसीएक्स ही स्विचची मालिका पुढे २०१७ मध्ये रकस या तिच्या वायफाय विभागासह अ‍ॅरिसकडे गेली आणि अ‍ॅरिसला २०१९ मध्ये कॉमस्कोपने घेतले. पेटीवर एक नाव, कागदपत्रांवर दुसरे आणि सहाय्य पानावर तिसरे, असा प्रकार या बाजारात नेहमीचा आहे. फर्मवेअर अखेरच्या आवृत्तीवर आणले तरी स्विचचे एसएसएच (दुरून सुरक्षितपणे आज्ञा देण्याची सोय) जुन्या पद्धतीचे राहू शकते. संगणकांवर सर्रास असलेल्या ओपनएसएसएचने २०२१ मधील ८.८ आवृत्तीपासून एसएचए-१ या जुन्या, कमकुवत पद्धतीवर आधारलेल्या आरएसए सह्या (ओळख पटवण्याच्या डिजिटल सह्या) मूळ मांडणीत नाकारल्या आहेत, त्यामुळे संगणकाकडून जोडणी नाकारली जाणे स्वाभाविक आहे. त्या एकाच उपकरणापुरती सूट द्यावी, टेलनेट ही बिनसुरक्षित जुनी सोय बंद करावी आणि व्यवस्थापनाचा पत्ता वेगळ्या व्हीलॅनमध्ये ठेवावा. ज्या उपकरणाला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे थांबले आहे, त्याचे व्यवस्थापन इंटरनेटवरून दिसता कामा नये.

आता उष्णता. सर्वांत मोठा फरक खरेदीच्या वेळीच पडतो. पीओई, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच उपकरणांना वीज देण्याची सोय, असलेल्या स्विचमध्ये कित्येक शे वॉटचा पॉवर सप्लाय असतो, जो घरातील किरकोळ भारावर आपल्या क्षमतेच्या फार खाली चालतो आणि तिथे त्याची कार्यक्षमता खालावते. कॅमेरे किंवा वायफायचे अ‍ॅक्सेस पॉइंट त्यावरून चालवायचे नसतील, तर त्याच मालिकेतला पीओई नसलेला नमुना घ्यावा. दोन-तीनच उपकरणांना वीज द्यायची असेल, तर केबलमध्ये वीज सोडणारे वेगळे छोटे इंजेक्टर पुरतात. बारा पोर्टांवर भागत असेल, तर ज्युनिपरच्या ईएक्स २२००-सीसारखे मुळातच पंखा नसलेले नमुने आहेत आणि मग पुढचा खटाटोपच उरत नाही. दहा-गिगाबिटच्या जोडणीतही निवड महत्त्वाची ठरते. एसएफपी-प्लस पोर्टची रचना करताना प्रत्येक मॉड्यूलमागे एक ते दीड वॉटचा हिशेब धरलेला होता. तांब्याच्या केबलवर दहा गिगाबिट देणारे मॉड्यूल मात्र दोन-अडीच वॉट खाते आणि हाताला चटका बसण्याइतके तापते. स्विच आणि संगणक जवळजवळ असतील तर दोन्ही टोकांना प्लग असलेली डॅक केबल वापरावी, कारण ती जवळजवळ काहीच वीज घेत नाही. अंतर जास्त असेल तर फायबर घालावे. क्षमता वाढवायची आणि आवाजही उतरवायचा असेल, तर प्रत्येक नव्या मॉड्यूलचा वॉट आधी विचारायला हवा. वापरात नसलेले पोर्ट बंद केल्याने आणि ८०२.३एझेड ही वीज बचतीची सोय सुरू केल्याने थोडेफार आणखी वाचते, पण फार अपेक्षा ठेवू नये.

एवढे झाल्यावर झाकण उघडावे. त्याआधी वीजवाहक केबल काढून काही मिनिटे थांबावे. पॉवर सप्लायचे आवरण मात्र उघडू नये. २३० व्होल्टचा पुरवठा एकदिश झाल्यावर सव्वातीनशे व्होल्टच्या घरात जातो आणि तो कपॅसिटरमध्ये स्विच बंद केल्यावरही राहू शकतो. घरात लक्षात येण्याइतका आवाज करणारा पंखा याच सप्लायमध्ये असण्याची शक्यता बरीच असते, हे दुर्दैव. अशा वेळी मी सप्लायला हात न लावता स्विचची जागा बदलण्याच्या बाजूने आहे. आतली धूळ काढताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, म्हणजे हवेच्या झोताने ते भलत्या वेगाने फिरत नाही. जुन्या स्विचमधील हीटसिंकखालची (चिपची उष्णता शोषणाऱ्या धातूच्या ठोकळ्याखालची) पेस्ट वाळलेली असते. ती बदलल्यावर तापमान उतरते, मात्र कुठे पेस्ट आहे आणि कुठे चिकटणारा पॅड, हे पाहूनच हीटसिंक सैल करावा.

पंखे बदलताना दोन गोष्टी नडतात. पहिली म्हणजे तारांचा क्रम. प्लग तोच बसला तरी बारा व्होल्ट, जमीन (ग्राउंड) आणि वेगाचा संकेत यांच्या जागा उत्पादकागणिक वेगळ्या असू शकतात, म्हणून मल्टिमीटरने तपासल्याशिवाय नवा पंखा जोडू नये. दुसरी, पंख्याकडून येणारा संकेत. सामान्य पंखा प्रत्येक फेरीला दोन पल्स देतो आणि स्विच त्यावरून वेग मोजतो. काही पंखे मात्र फक्त ‘फिरतो आहे’ किंवा ‘अडकला आहे’ एवढेच सांगतात, आणि तसा पंखा अपेक्षित असलेल्या जागी पल्स देणारा लावला की स्विच सतत धोक्याचा इशारा देत राहतो. याउलट, वेग मोजणारा स्विच ठरावीक मर्यादेखालचा वेग म्हणजे पंखा मेला असे समजतो आणि उरलेले पंखे पूर्ण वेगाने पळवतो, म्हणजे शांत पंख्याने आवाज वाढतो. नॉक्टुआचा ए४एक्स२० एफएलएक्स हा लोकप्रिय पंखा उत्पादकाच्या आकड्यांनुसार मिनिटाला ५००० फेऱ्या, तासाला ९.४ घनमीटर हवा आणि १४.९ डेसिबल असा आहे. मूळ पंखा याच्या दुप्पट-तिप्पट वेगाचा होता, हे विसरून केलेली अदलाबदल टिकत नाही. जिथे पंखे तीन आहेत तिथे तिन्ही जागा भराव्यात. हवेची दिशा मूळचीच ठेवावी, कारण उलट लावलेला एक पंखा शेजारच्याचे काम खोडून काढतो.

त्यानंतर पुन्हा तीच चाचणी, झाकण बंद करूनच. उघड्या पेटीत हवा हीटसिंकवरून न जाता वरून निघून जाते, त्यामुळे तसे घेतलेले आकडे निरुपयोगी असतात. पोर्टांवर भार टाकावा, खोली वर्षातल्या सर्वांत उष्ण दिवशी जशी असते तशी असू द्यावी आणि तापमान स्थिर होईपर्यंत थांबावे. धोक्याच्या मर्यादेपासून किमान १५ अंशांचे अंतर उरले नाही तर मी ती मांडणी स्वीकारत नाही. स्विच बंद पडेल, एवढीच ती भीती नाही. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीला साधारण निम्मे होते आणि वापरलेल्या स्विचमध्ये त्यांचे बरेच आयुष्य आधीच सरलेले असते.

आकडे जमत नसतील तर अंतराचा उपाय उरतो. तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत जाते, घरात कुठेही पोहोचण्यास ती पुरते, तेव्हा माळा, जिन्याखालची जागा किंवा अडगळीची खोली यांपैकी जिथे हवा खेळती असेल तिथे स्विच हलवावा. बंद कपाट मात्र नको, तिथे आवाज दबतो आणि उष्णता साठते. विजेचा हिशेबही याच वेळी करून टाकावा. सतत ३० वॉट घेणारा स्विच वर्षाला सुमारे २६३ युनिट वापरतो, आणि आपल्याला लागणारे पोर्ट पाच-सहाच असतील तर छोटा, पंखा नसलेला नवा स्विच अधिक शहाणपणाचा ठरू शकतो.

काढलेले मूळ पंखे टाकून देऊ नयेत. कोणता कोणत्या जागेचा ते चिठ्ठीवर लिहून त्यांना डकवावे, तारांचा क्रम त्याच चिठ्ठीवर उतरवावा आणि सगळे एका पिशवीत स्विचजवळ ठेवावे. पुढे स्विच दुसऱ्या कुणाला द्यायचा झाला, तर त्याच्याकडे कदाचित तो खरोखरच सर्व्हरच्या खोलीत आणि पूर्ण भारावर चालणार असेल.