हतनूरच्या बॅकवॉटरला मासे पकडणाऱ्या बगळ्यांचे फोटो : माझा अनुभव

नुसत्या उभ्या बगळ्याचा फोटो कुणालाही मिळतो. मला पाहिजे होता तो मासा पकडतानाचा, म्हणजे पाणी उडालंय, मासा चोचीत वळवळतोय आणि बगळ्याचा डोळा एकदम शार्प, असा. त्यासाठी जळगाव-भुसावळकडच्या माणसाला लांब जायची काहीच गरज नाही, आपलं तापीवरचं हतनूर धरण आहे ना! चांगदेवला तापी आणि पूर्णा एकत्र येतात आणि तिथून खाली धरणापर्यंत जे बॅकवॉटर, म्हणजे धरणाने अडवलेलं पाणी, पसरलंय ते पक्ष्यांसाठी इतकं भारी आहे की महत्त्वाच्या पक्षी अधिवासांच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याचं नाव आहे. आपल्याकडे मात्र हतनूर म्हटलं की लोकांना पावसाळ्यात उघडलेले ४१ दरवाजेच आठवतात.

मासे पकडायच्या फोटोसाठी पावसाळा उपयोगाचा नाही, पाणी खोल असतं, गढूळ असतं आणि पक्षी पांगलेले. खरी मजा पाणी उतरायला लागलं की, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीपासून पुढे. काठाची गाळपेर जमीन उघडी पडते, कुणी हरभरा लावलेला असतो, कुणी टरबूज-काकडी, आणि मधे मधे गुडघाभर पाण्याची डबकी राहतात ज्यात बारीक मासळी अडकून पडते. त्या डबक्यांवर राखी बगळे, छोटे बगळे, ढोकऱ्या, चित्रबलाक (रंगीत करकोचे), चमचे (चमच्यासारख्या चोचीचे पक्षी) सगळे एकत्र जेवायला. चांगलं डबकं सापडलं की आठवडाभर तरी तेच धरून ठेवायचं, कारण पाणी रोज थोडं थोडं कमी होतं आणि मासे अजून दाटीवाटीने एका जागी येतात.

आता मुख्य गोष्ट. माणसाला एखादी गोष्ट दिसली की बोट दाबेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो, कॅमेरा कितीही भारी असू दे. राखी बगळ्याची चोच तेवढ्या वेळात पाण्यात गेलेली असते. म्हणजे चोच हलली हे बघून शटर दाबलं तर फोटोत येतं ते नुसतं उडालेलं पाणी. काही नव्या मिररलेस कॅमेऱ्यांमध्ये प्री-कॅप्चर असतं, बटण पूर्ण दाबायच्या आधीच्या फ्रेम पण सेव्ह होतात, ज्यांच्याकडे आहे त्यांनी जरूर वापरावं. माझी बॉडी जुनी डीएसएलआर आणि त्यावर सेकंडहँड २००-५०० मिमीची झूम लेन्स, त्यामुळे मला बगळा वाचायला शिकावंच लागलं आणि खरं सांगतो, या सगळ्यात मला सर्वात जास्त आनंद त्याचाच झाला.

राखी बगळा चालता चालता थांबतो. मग मान हळूहळू मागे घेऊन दुमडतो, त्याच्या मानेतला सहावा मणका लांब असतो म्हणून मान तिथे कोपरासारखी मोडलेली दिसते. इथपर्यंत काही दाबायचं नाही, तो असा दहा मिनिटं पण उभा राहू शकतो. खरी खूण पुढची आहे. अंगाची पिसं चापून बसतात, बगळा एकदम बारीक दिसायला लागतो, डोकं किंचित तिरपं होतं आणि सगळं अंग इंचभर पुढे झुकतं. झुकला की दाबायचं आणि एक-दीड सेकंद सोडायचं नाही. त्यातले बरेच बर्स्ट (एका दमात निघालेल्या फ्रेम) वाया जातात कारण तो विचार बदलतो, जाऊ द्या, कार्ड फॉरमॅट करता येतं. फक्त उगाच लांब बर्स्ट मारू नका, रॉमध्ये, म्हणजे मोठ्या कच्च्या फाइलमध्ये, कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी (बफर) भरते आणि नेमका मासा वर येतो तेव्हा कॅमेरा अडकलेला असतो.

दुसरी गोष्ट मला तिथल्या एका भोई काकांनी सांगितली. ते जाळं झटकत होते, मी चिखलात पालथा पडलेला, बराच वेळ बघत होते आणि मग म्हणाले, "बगयाकडे काय पाहू राहिले भाऊ, पान्याकडे पाहा ना." त्यांचं म्हणणं असं की बारीक मासळी वर आली की त्या जागेवर पाणी वाऱ्याच्या उलट थरथरतं आणि बगळ्याचं तोंड आधीच तिकडे वळलेलं असतं. तेव्हापासून मी एक डोळा व्ह्यूफाइंडरला आणि दुसरा उघडा ठेवून पाण्यावर, अशी सवय केली. सुरुवातीला डोकं दुखतं, नंतर जमतं.

छोट्या बगळ्याचं तंत्र वेगळंच आहे. काळी चोच, काळे पाय आणि पंजे मात्र पिवळे धमक, तो एक पाय पुढे करून चिखलात थरथरवतो, मासे घाबरून पळतात आणि हा पळत जाऊन टिपतो. तो कुठे वळेल काही भरवसा नाही म्हणून त्याला एकाच फोकस पॉइंटवर धरायला जाऊ नका, झोन एएफ (बऱ्याच पॉइंटचा पट्टा) लावा, फोकस कंटिन्युअसवर, म्हणजे सतत पाठलाग करणारा, आणि झूम ५०० वरून ३५०-४०० पर्यंत मागे घ्या. पंख उघडले की फ्रेममध्ये मावले पाहिजेत.

आणि चित्रबलाक! तो मासा बघून पकडतच नाही. अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून डावीकडे-उजवीकडे फिरवत चालत राहतो आणि मासा चोचीला लागला रे लागला की चोच मिटते. म्हणून गढूळ पाण्यात पण त्याचं पोट भरतं. म्हणजे त्याच्या बाबतीत आधी खूण अशी काही मिळतच नाही, पण तशी गरजही नाही, कारण मासा मिळाला की तो डोकं वर काढणार आणि मासा उडवून गिळणार हे नक्की. मी कॅमेरा उभा धरतो, डोक्याच्या वर भरपूर जागा सोडतो आणि वाट बघतो. हवेतला मासा, खाली उघडी पिवळी चोच आणि मागे पाठीवरची गुलाबी पिसं असा फोटो मला याच पद्धतीने मिळाला आणि तो माझा आजपर्यंतचा सगळ्यात आवडता आहे.

सेटिंगचं थोडक्यात सांगतो. शटर १/२५०० सेकंदापेक्षा हळू नाही, अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं) एफ ५.६ किंवा ६.३, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटो. पांढऱ्या बगळ्यावर सकाळचं कोवळं ऊन पडलं तरी पिसांची डिटेल जळते, नुसता पांढरा डाग येतो, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ-काळा करायचा ते) उणे ०.७, कधी उणे १ आणि मधून मधून हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघायचा. राखी बगळ्याला शून्य चालतं.

सगळ्यात जास्त फरक पडला तो खाली झोपल्यामुळे. काठावर उभं राहून घेतलं की मागे नुसतं पाणी येतं, पक्ष्याच्या डोळ्याच्या लेव्हलला गेलं की मागचं सगळं धूसर होतं आणि पक्षी उठून दिसतो. मी घरचं जुनं लोखंडी घमेलं नेतो, त्यात ज्वारी भरलेली पिशवी आणि त्यावर लेन्स. घमेलं चिखलावर सरकतं, रुतत नाही, आणि ओल कॅमेऱ्यापर्यंत येत नाही. अंगाखाली गोणपाट. सूर्य उगवायच्या आधी पूर्वेकडच्या काठाला जाऊन पडायचं म्हणजे ऊन पाठीमागून येतं, आणि मग हलायचं नाही. पक्षी आपणहून जवळ येतात, आपण सरपटत त्यांच्या मागे गेलो की सगळा थवा उठतो आणि त्यांचं सकाळचं खाणं बुडतं, ते मला अजिबात पटत नाही. काही जण पाण्यात मासे टाकून पक्षी बोलावतात, तसलं पण करू नका प्लीज.

खान्देशात अजून एक अडचण म्हणजे ऊन. मार्चमध्ये साडेनऊ वाजले की पाण्यावरची हवा लहरायला लागते आणि मग कितीही महाग लेन्स असली तरी फोटो मऊच, म्हणजे धूसर, येतात. फोकसला दोष देऊ नका, सरळ गाशा गुंडाळा. तोपर्यंत साधारण दोन तास चांगले मिळतात.

घरी येऊन फोटो निवडताना मी आधी डोळा बघतो. झडप घालताना बऱ्याच फ्रेममध्ये डोळ्यावर पांढुरका पडदा आलेला असतो, त्या बाजूला काढतो. मग माशाचं तोंड कुठे आहे ते. बगळे मासा डोक्याकडून गिळतात, शेपटीकडून गेला तर काटे आणि पर घशात अडकतील, म्हणून चोचीतल्या चोचीत फिरवून सरळ करतात आणि त्या फिरवण्यात दोन-तीन झकास फ्रेम असतात ज्या लोक घाईघाईत डिलीट करून टाकतात. मासा मोठा असेल तर राखी बगळा तो काठावर नेतो, आपटतो, परत पाण्यात बुचकळतो, आणि गिळल्यावर मानेतून खाली सरकणारा फुगवटा स्पष्ट दिसतो. त्यामुळे मासा पकडला म्हणून बोट काढू नका, पुढची दोन-चार मिनिटं पण तितकीच कामाची आहेत.

आता चमच्याचा फोटो राहिलाय. तो चपटी चोच फिरवत इतका भरभर चालतो की फ्रेममध्ये टिकतच नाही, त्यासाठी यंदा पाणी उतरलं की चांगदेवच्या बाजूचा काठ धरणार आहे.