तुम्ही विचारलंत म्हणून: प्रिंट आधी घरी का जाते

प्रश्न एकच असतो, विचारणारे बदलतात. पालक विचारतात, पुण्याहून आलेले पाहुणे विचारतात, गेल्या महिन्यात फ्रेम करून देणाऱ्यानेही विचारलं. तुमच्या फोटोग्राफी क्लासची पोरं प्रदर्शनाआधी प्रिंट पिशवीत घालून घरोघर का हिंडतात? ज्याचा चेहरा फोटोत आहे त्याने ती प्रिंट, भिंतीवर लागणार त्याच आकारात, आधी पाहिलीच पाहिजे आणि तो नको म्हणाला तर ती लागणार नाही, हा हट्ट कशासाठी? मोबाइलवर दाखवून का चालत नाही?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. मोबाइलवर सगळेच हो म्हणतात. तळहाताएवढा चेहरा माणूस हसून बघतो आणि विसरतो. तोच चेहरा फूटभर उंचीचा झाला, त्यावर काच आली आणि पुढे अनोळखी माणूस हाताची घडी घालून उभा राहिला, की गोष्ट वेगळी होते. ती वेगळी होते हे मला पुस्तकातून कळलेलं नाही.

बाकीच्या प्रश्नांना मी बारा वर्षं ‘आमचा तसा नियम आहे’ एवढंच सांगत आलो. यंदा एका विद्यार्थिनीने असं काही विचारलं की तेवढ्यावर भागेना.

हा नियम नव्हता तेव्हाची गोष्ट. आमचा डार्करूम जुन्या घराच्या न्हाणीघरात होता. खिडकीला काळा कागद, फळीवर एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हमधून कागदावर मोठी प्रतिमा पाडणारं यंत्र, खाली रसायनांचे तीन ट्रे. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. प्रिंट धुवायला पाणी लागतं, म्हणून आमचं वेळापत्रक नळावर चालायचं. पाण्याच्या दिवशी पोरं रात्री जागून प्रिंट काढत. उन्हाळ्यात डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, वीस अंशांवर आणायला बर्फाची पिशवी बाटलीला बांधून ठेवायचो. हे सगळं मला तेव्हा फार मोठं वाटायचं. पोरांनी एवढे कष्ट घेतलेत तर चार लोकांनी ते बघितलेच पाहिजेत, असं मी म्हणायचो.

त्या तुकडीत एक मुलगा होता. घरी तेलुगू, बाहेर मराठी, वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची. फार बोलायचा नाही. एका रात्री त्याने आईचा फोटो काढला. ट्यूबलाइटखाली ती भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, उजव्या हातात कात्री तशीच धरलेली. आणि तिला झोप लागलेली. मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं. कमी उजेडासाठी चारशेची फिल्म सोळाशेला ओढून, म्हणजे जास्त वेळ रसायनात ठेवून, कॅमेरा हातात धरूनच काढलेला फोटो, तरी बोटं स्वच्छ उमटली होती. आजही मी म्हणेन, माझ्या विद्यार्थ्यांपैकी कुणीही काढलेला तो सगळ्यात चांगला फोटो होता. हे मी मागे घेणार नाही.

त्याने 12 बाय 16ची प्रिंट काढून मला दाखवली. सूप उजळ, हात उजळ, कात्रीचं पातं चमकतंय आणि चेहरा अंधारात. मी म्हणालो, चेहरा काळोखात गेलाय, परत काढ. तो म्हणाला, ‘सर, असंच बरं दिसतंय.’ मी म्हणालो, निगेटिव्हमध्ये सगळं आहे, तू वाया घालवतोयस. कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे सगळ्या निगेटिव्हच्या छोट्या प्रिंटचा कागद, माझ्या हातातच होती आणि तिच्यात चेहरा लख्ख दिसत होता. मग तो अंधारात गेला कसा, एवढा साधा प्रश्न मला पडला नाही. नवीन पोरगा आहे, एक्सपोजर चुकलं असेल, असं मी धरून चाललो. दुसरी प्रिंट मी स्वतः शेजारी उभं राहून काढून घेतली. तारेला चिकटवलेली पुठ्ठ्याची चकती घेतली आणि चेहऱ्यावर सावली धरून तो आणखी उजळ केला. ट्रेमध्ये चेहरा वर आला तेव्हा मला आनंद झाला. तो काही बोलला नाही.

प्रदर्शन 19 ऑगस्टला, जागतिक छायाचित्रण दिनाला उघडलं. 1839 साली याच दिवशी पॅरिसमध्ये दागेरची फोटो काढायची पद्धत सगळ्या जगासाठी जाहीर झाली, हे मी उद्घाटनाच्या भाषणात सांगितलं. त्या मुलाने काढलेला फोटो मी दारासमोरच्या भिंतीवर लावला होता. खाली चिठ्ठी लावली: ‘कष्ट’. ते नावही माझंच.

शेवटच्या दिवशी दुपारी त्याची आई आली. सोबत तिची जाऊ. गल्लीत कुणीतरी सांगितलं होतं की तुझा फोटो लागलाय. ती बराच वेळ बघत उभी राहिली. मग विचारलं, इथले सर कोण. मी पुढे झालो.

‘सर, हे काढा की.’

पुढची दहा मिनिटं मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. कामात कसली लाज, मी म्हणालो. सोलापूर उभं आहे ते तुमच्यासारख्यांच्या हातांवर, गिरण्या बंद पडल्या तेव्हा विड्या वळून बायकांनी घरं चालवली, हे लोकांनी बघायला नको का, तुम्ही मान ताठ ठेवून हा फोटो बघायला पाहिजे. मी मनापासून बोलत होतो. आवाज चढवला नव्हता. ती मध्ये एकदाही बोलली नाही. माझं संपल्यावर म्हणाली, ‘कामाची कसली लाज. सगळी गल्ली विड्या वळते. मी झोपले होते की सर. माणूस मेल्यावर काढतात असा फोटो. तोंड उघडं आणि मला पत्ताच नाही.’

इथे थांबायला हवं होतं. मी म्हणालो, संध्याकाळी प्रदर्शन संपतंच आहे, तीन तासांचा प्रश्न आहे.

ती फोटोपुढे उभी राहिली, फोटोकडे पाठ करून. कॉलेजची काही मुलं आली, तिला वळसा घालून पुढे गेली. ती हलली नाही. मी मुलाला फोन करून बोलावलं. म्हटलं, आईला समजाव. तो आला, तिच्याशी तेलुगूत दोन वाक्यं बोलला, मला न विचारता फ्रेम खिळ्यावरून उतरवली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि दोघींना घेऊन गेला. तो क्लासला परत आला नाही.

दिवाळीआधी आवराआवर करताना त्याची पहिली प्रिंट सापडली, मी नाकारलेली. प्रत्येक प्रिंटच्या मागे कागदाला किती सेकंद प्रकाश दिला ते पेन्सिलीने लिहायचं, हे मीच शिकवलेलं. मागे लिहिलं होतं: ‘14 से. चेहरा + 8 से.’

म्हणजे चौदा सेकंदांनंतर पुठ्ठ्याला भोक पाडून त्याने फक्त आईच्या चेहऱ्यावर आठ सेकंद जास्तीचा प्रकाश सोडला होता. कागदावर जास्त प्रकाश पडला की ती जागा काळी होते. त्याने तिला झाकलं होतं. त्याला जे करायचं होतं ते माझ्याच तंत्राने, माझ्या न्हाणीघरात, मला न दुखवता त्याने केलं होतं आणि मी ते पुसून टाकलं.

नियम तिथून आला.

कुणी म्हणतं, एका प्रसंगावरून नियम करत नाहीत. बरं. अमेरिकेत 1936 साली डोरोथिया लँगने काढलेला, मुलांना बिलगवून बसलेल्या मजूर आईचा फोटो सगळ्या जगाने पाहिला. ती बाई, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, पुढे आली 1978 साली, आणि म्हणाली की तो फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं. जपानमधल्या मिनामाता गावी पाऱ्याच्या विषबाधेने अधू झालेल्या मुलीला न्हाऊ घालणाऱ्या आईचा फोटो युजीन स्मिथने 1971 साली काढला. तो फोटो नव्याने छापणं पुढे थांबवलं गेलं, मुलगी गेल्यानंतर, आईवडिलांच्या इच्छेला मान देऊन. हे दोन्ही फोटो मी वर्गात दाखवायचो, त्या प्रदर्शनाच्या आधीही. रचना दाखवायचो, हातांची जागा दाखवायचो.

आता यंदाचं. एका मुलीने वर्षभर एका यंत्रमाग कारखान्यात फोटोंचं काम केलं. कानांवर, भुवयांवर कापसाची पांढरी तुसं बसलेले कामगार, कानाशी तोंड नेऊन एकमेकांशी बोलणारे, कारण मागांच्या खडखडाटात दुसरा मार्गच नसतो. चौदा फोटो. प्रिंट घेऊन ती गेली. कामगार खूश झाले, दोघांनी घरी लावायला प्रती मागितल्या. मग मालकाने बघितल्या आणि सांगितलं, हे लागलं तर यांनी उद्यापासून येऊ नये. मालक एकाही फोटोत नव्हता. ती माझ्याकडे आली. कामगारांनीच हळू आवाजात ‘नको ताई’ म्हटलं होतं, म्हणून मी म्हणालो, नाही लागणार.

ती म्हणाली, ‘सर, लुइस हाइनने गिरणीमालकांना विचारलं असतं तर अमेरिकेतल्या गिरण्यांत राबणारी पोरं कुणाला दिसली असती?’ हाइन हा अमेरिकी छायाचित्रकार वेगवेगळी सोंगं घेऊन कारखान्यांत शिरायचा, हे तिला मीच सांगितलेलं. आणि पुढे म्हणाली, ‘तुमच्या एका चुकीचं व्याज आम्ही किती वर्षं भरायचं?’

मी तिला सांगितलं की हाइन फोटो काढून पुढच्या गावी जायचा, तुला इथेच राहायचंय आणि त्या माणसांनाही. हे खरं आहे. पण तिचंही खरं आहे. माझ्या नियमामुळे त्या कारखान्यात मालकाचाच शब्द शेवटचा ठरला, कामगाराचा नाही. दरवर्षी असे काही फोटो जातात आणि उरतात ते बहुतेक देखणे, कुणालाच न खुपणारे. संक्रांतीच्या गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत, नंदीध्वजांच्या मिरवणुकीत मी कुणालाच विचारायला सांगत नाही. तिथे हजारोंना विचारणार कसं? मग अर्धं प्रदर्शन मिरवणुकीचं होतं आणि मीच चिडतो.

आणि ज्याच्यामुळे हे सुरू झालं, त्याला तरी हा नियम उपयोगी पडला असता का? तीन वर्षांपूर्वी तो भेटला, स्टेशनवर, हुतात्मा एक्स्प्रेसला. पुण्यात नोकरी करतो. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, ‘आईला विचारायला सांगितलं असतं तर मी विचारलं नसतं. विचारून आलो म्हणून सांगितलं असतं. तुम्हाला तो फोटो एवढा आवडला होता.’

त्याने फोटो काढलेले, पण न धुतलेले फिल्मचे दोन रोल माझ्या फ्रिजमध्ये अजून आहेत, अंड्यांच्या कप्प्यात. स्टेशनवर मी तेही विचारलं. तो म्हणाला, ‘धुवा तुम्हीच, बघा काय आलंय.’ गाडी सुटली. परवा पाणी आलं होतं, डेव्हलपरही ताजा होता. रोल बाहेर काढले, हातात धरले आणि परत ठेवले. त्यांत कोण आहे, मला माहीत नाही.