रंग तीन, जात एक

भाद्रपदात पावसाने उघडीप दिली की खानापूर तालुक्यातील बागायतदारांकडून फळगळीच्या तक्रारी माझ्याकडे येऊ लागतात. कीड-सल्लागार म्हणून अशा अनेक बागा मी पाहिल्या आहेत. जांबोटीकडची पेरूची बाग मात्र आजही डोळ्यांसमोर आहे. बागेच्या मालकांनी, ज्यांना सगळे मामा म्हणतात, गळलेली फळे पुढ्यात ठेवून फळमाशीचे औषध विचारले. मी एक फळ कापले, तर आत फळमाशीच्या अळीचा मागमूस नव्हता. सालीवर टाचणीने टोचल्यासारखे एकच छिद्र, त्याभोवती तपकिरी, मऊ पडलेला भाग, आणि फळ दाबताच छिद्रातून रस आला. रात्री येऊन सोंडेने साल भोसकणाऱ्या पतंगाचे हे काम होते, म्हणून अंधार पडेपर्यंत थांबलो.

बॅटरीच्या झोतात फळांवर नारिंगी डोळे चमकू लागले. मामा म्हणाले, "सर, हे तीन जातींचे आहेत बघा. एक हिरवट, एक वाळल्या पानाच्या रंगाचा आणि तिसऱ्यावर चट्टेपट्टे." पंख मिटून बसलेले ते पतंग पाहून कोणीही हेच म्हटले असते.

तिन्ही जाळीत धरले आणि एकेकाचे पुढचे पंख चिमट्याने अलगद सरकवले. खालून गर्द केशरी-पिवळे मागचे पंख उघडे पडले; कडेला काळा पट्टा आणि मधोमध सुटा, वाटोळा काळा ठिपका. तिघांवरही तोच ठिपका होता. ही युडोसिमा मटेर्ना, जिचे वर्णन स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1767 मध्ये केले. ठिपक्याच्या जागी वाकडा, मूत्रपिंडाच्या आकाराचा डाग असता, तर मी युडोसिमा फॅलोनिया किंवा होमेना या तिच्या जवळच्या जातींचा विचार केला असता. या पतंगांत मादीचे पुढचे पंख अधिक चित्रविचित्र, नराचे त्यामानाने साधे, आणि एकाच लिंगातही छटा कमी-अधिक होतात. पुढच्या पंखांना दिवसभर पानांत मिसळून जायचे असते, त्यामुळे त्यांच्या रंगावरून जात ठरवणे मला धोक्याचे वाटते. भिंगाखाली मामांना सोंडेचे टोकही दाखवले. त्यावरचे कठीण काटे पाहून त्यांनी फळमाशीचा विषय पुन्हा काढला नाही.

एक गोष्ट उरली होती. या पतंगाच्या अळ्या फळावर नव्हे, तर गुळवेल आणि वासनवेल यांच्या पानांवर वाढतात, आणि बागेच्या कुंपणावर गुळवेल दाट माजला होता. पाने उलटताच डोळ्यांसारखे ठिपके असलेल्या, शरीर कमानीसारखे वाकवून बसलेल्या अळ्या सापडल्या. त्यांतही काही फिक्या, काही जवळजवळ काळ्या. मामी म्हणाल्या, "तापाला तोच काढा देतो आम्ही, वेल नाही काढायची." त्यांचे म्हणणे मला रास्त वाटले. फळमाशीच्या औषधाचा बेत सोडून देऊन अळ्या वेचून नष्ट करायच्या, गळलेली फळे रोज उचलायची आणि पक्व होत आलेल्या फळांना कागदी पिशव्या घालायच्या, असे आम्ही तिथेच ठरवले.