डब्यात रायझर कुठाय?

माझं सगळं ओतकाम संगणकातल्या एका काल्पनिक डब्यात चालतं. बाजू आठ नॅनोमीटर, आत ॲल्युमिनियमचे ३२,००० अणू. आधी सगळे वितळवायचे, मग थंड करत न्यायचे आणि स्फटिक कधी धरतो ते बघत बसायचं. अणू-अणूंमधली ओढाताण मोजायला मरे डॉ आणि मायकेल बास्केस यांची १९८४ची ‘एम्बेडेड ॲटम’ पद्धत, चालवायला लॅम्प्स हे अणूंच्या हालचालींची गणितं करणारं सॉफ्टवेअर. एक पाऊल दोन फेम्टोसेकंदांचं. पाच लाख पावलं टाकली की कुठे एक नॅनोसेकंद सरतो. तेवढ्यात हजार अंश उतरवायचे, म्हणजे वेग झाला सेकंदाला एक लाख कोटी अंश. भट्टीवाल्याला सांगितलं तर हसेल.

असल्या घाईत द्रव गोठायचं नाव घेत नाही. ६६० अंश सेल्सिअस मागे पडतं, आणखी कित्येकशे अंश उतरतात, तरी द्रवच. हा निव्वळ संगणकाचा खेळ नाही बरं का! १९५० साली टर्नबुल आणि सेच यांनी निकेलचे बारीक थेंब गोठणबिंदूच्या ३१९ अंश खालपर्यंत द्रव ठेवून दाखवले होते. स्फटिकाचा कण लहान असताना पृष्ठभागावर होणारा ऊर्जेचा खर्च आतल्या फायद्यावर भारी पडतो, म्हणून असे कण तयार होतात नि विरतात. त्यात भौतिकशास्त्रज्ञ फ्रँकने १९५२मध्ये सुचवलेली आणखी एक अडचण: द्रवातल्या अणूला भोवतीचे बारा शेजारी पंचकोनी ठेवणीत बसवणं स्वस्त पडतं, पण त्या ठेवणीने सलग जागा भरत नाही. स्फटिकातही शेजारी बाराच, मांडणी तेवढी निराळी.

एकदा धरला की मात्र धडाधड पसरतो आणि आकारमानाचा आलेख कड्यावरून पडावा तसा खाली येतो.

शिरोली एमआयडीसीत ॲल्युमिनियमचं ओतकाम करणाऱ्या काकांना हा आलेख दाखवला. त्यांनी एकच विचारलं, “काय गं, तुझ्या डब्यात रायझर कुठाय?”

रायझर म्हणजे साच्यावर ठेवलेला जादा रसाचा साठा. प्रश्न नेमका होता. गोठताना ॲल्युमिनियम साडेसहा टक्क्यांच्या आसपास आक्रसतं. रायझरने वरून धातू पुरवला नाही तर आत शिंकेज, म्हणजे आक्रसल्यामुळे पडलेली पोकळी. माझ्या डब्याला भिंतीच नाहीत. उजवीकडून गेलेला अणू डावीकडून आत येतो, आणि दाब स्थिर ठेवायचा म्हणून डबाच लहान होत जातो. पोकळी पडणार कुठून?

मग आकारमान बांधून टाकलं. थंड होताना दाब शून्याखाली गेला, धातू स्वतःलाच ओढायला लागला, ताण फार झाल्यावर आत भोक उघडलं. काकांना चित्र पाठवलं. “हेच की! पण हायड्रोजन न्हाई व्हय यात?”

नाही. खऱ्या रसात विरघळलेला हायड्रोजन असतो, ऑक्साइडचे पापुद्रे असतात, त्यामुळे भोक पडायला इतका ताण लागतच नाही. सध्या ॲल्युमिनियम-हायड्रोजनचं भरवशाचं पोटेन्शियल, म्हणजे त्यांच्या अणूंमधली ओढाताण सांगणारं सूत्र, शोधतेय. कुणी वापरलं असेल तर खाली लिहा.