आमची वाटचाल : सरासरी न काढता

बडोद्यात ट्रान्सफॉर्मर बनवणारे आणि दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या गाळ्यात यातलं काहीच होत नाही. जुना ट्रान्सफॉर्मर अजून किती वर्षं काढेल, एवढंच आम्ही सांगतो.

आधी नुसतं ट्रान्सफॉर्मरमधलं तेल तपासायचो. पण गिऱ्हाईक रिपोर्ट कशाला वाचतंय? त्याचा प्रश्न एकच, ‘केटला वरस चालशे?’ म्हणून निवृत्त इंजिनियर मंडळींना गाठलं. तिघांना विचारलं की तीन उत्तरं! सरासरी काढून मोकळं व्हायचा धंद्यातला रिवाज मला कधीच पटला नाही.

एका कारखान्याचंच प्रकरण घ्या. पहिले म्हणाले ३ ते ५ वर्षं, दुसरे ४ ते ६, तिसरे १२ ते १४. मधले आकडे धरून सरासरी येते सव्वासातच्या वर, म्हणजे तिघांपैकी कुणाच्याच पट्ट्यात न बसणारी. खोदून विचारलं तेव्हा कळलं, तिसऱ्या साहेबांकडे फक्त तेलातल्या वायूंचा रिपोर्ट होता आणि त्याआधीच तेलाचं फिल्ट्रेशन झालेलं. आतली खराबी तेलात विरघळलेल्या वायूंवरून कळते, पण फिल्ट्रेशनमध्ये हे वायू निघून जातात आणि रिपोर्ट चांगला दिसतो. आतला इन्सुलेशनचा कागद मात्र जुना तो जुनाच. कोऱ्या कागदाचा पॉलिमरायझेशनचा आकडा, म्हणजे त्याच्या तंतूंमधल्या साखळ्या किती लांब आहेत त्याचं माप, हजाराच्या आसपास असतो, २०० वर आला की कागद संपला. कागदाच्या या आकड्याचा रिपोर्ट दाखवल्यावर तिसरे साहेब ४ ते ७ वर आले. तिघांचा सामायिक भाग ४ ते ५.

या हिशेबामागचं गणित आमचं नव्हे. लोत्फी झादे यांनी १९६५ मध्ये फझी संच मांडले (यात एखादा आकडा संचात पूर्ण, अर्धा किंवा थोडाही बसू शकतो), रॅमन मूर यांचं इंटरव्हल गणितावरचं, म्हणजे एका आकड्याऐवजी पट्ट्यांच्या हिशेबावरचं, पुस्तक १९६६ चं. तज्ज्ञ ‘३ ते ५, पण बहुधा ४’ म्हणाले की ४ ला पूर्ण १ गुण, दोन्ही टोकांना शून्य, मधे सरळ उतार. अर्ध्या पातळीवर कापलं, म्हणजे निदान अर्धा गुण मिळालेले आकडेच ठेवले, की साडेतीन ते साडेचारचा पट्टा हाती येतो आणि पुढची बेरीज-गुणाकार पट्ट्यांवरच होतात. वर्षाला २ ते ३ लाखांचं नुकसान, ४ ते ५ वर्षं, म्हणजे एकूण ८ ते १५ लाख. सामायिक भाग घ्यायचा तो सगळे भरवशाचे असतील तरच. निदान एक तरी बरोबर असेल, एवढीच खात्री असेल तर सगळे पट्टे एकत्र धरावे लागतात.

काही गिऱ्हाइकं अजून ‘एकच आंकडो आपो’ म्हणून अडून बसतात. टेंडरच्या फॉर्मातही चौकट एकच असते. तिथे आम्ही खालचं टोक लिहितो आणि पूर्ण पट्टा सोबतच्या पानावर जोडतो.