आधी भिंत, मग लुगडं

फोटो काढायचा ठरला की आधी पेटी उघडते. घडीचं पातळ निघतं, मॅचिंग बांगड्या निघतात, सगळी तयारी होते आणि मग गावात भिंत शोधत फिरणं सुरू होतं. हा क्रम उलटा आहे. पातळ ऐन वेळी बदलता येतं, भिंत बदलता येत नाही. भिंत आधी बघून यावी आणि पेटी नंतर उघडावी.

शहरात हल्ली भिंतीवर पंख काढतात. माणसाने मध्ये उभं राहायचं आणि देवदूत व्हायचं. विदर्भातल्या खेड्यातली भिंत कुणाच्या फोटोसाठी रंगवलेली नसते, तिला काम असतं. मृगाच्या आधी तिच्यावर कपाशीच्या बियाण्याची जाहिरात चढते. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गांधीजींचा चष्मा असतो, एका काचेत ‘स्वच्छ’ आणि दुसरीत ‘भारत’. जिल्हा परिषदेच्या शाळेत ‘बोलक्या भिंती’ असतात: बाराखडी, पाढे, महाराष्ट्राचा नकाशा, नाहीतर खोल्यांची अख्खी आगगाडी. गडचिरोलीतल्या वडसा-देसाईगंजकडे दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या लोकरंगभूमीच्या, नाटकांची पोस्टरं एकावर एक चिकटत जातात. आणि घरं तर आहेतच. वर चुन्यात कालवलेली नीळ, खाली हातभर गेरूचा पट्टा. रंगसंगतीचा याहून चांगला धडा कुठल्याही फॅशनच्या वर्गात मिळायचा नाही.

लिहिलेल्या भिंतीपुढे उभं राहायचं तर आधी ती वाचावी. हे सांगावं लागतं, कारण माणूस स्वतःकडे बघत असतो. ‘शौचालयाचा वापर करा’ यातलं ‘वापर करा’ पाठीमागे झाकलं गेलं की नव्या शालूच्या शेजारी नुसतं ‘शौचालयाचा’ उरतं. ‘मोफत’ हा शब्द तर डोक्यावर कधीच येऊ देऊ नये. दुसरी भानगड शिरोरेषेची. देवनागरीची ही आडवी रेघ नेमकी कानाच्या उंचीवर आली, तर या कानातून त्या कानात सळई घातल्यासारखी दिसते. गळ्यावर आली तर त्याहून वाईट. उपाय सोपा आहे. फोटो काढणाऱ्याने फोन छातीवरून कमरेपर्यंत खाली आणावा. भिंतीच्या पुढे उभा असलेला माणूस अक्षरांच्या मानाने वर सरकतो आणि रेघ खांद्याखाली जाते. फोन मात्र सरळ उभा धरावा, मागे-पुढे कलला की अक्षरांची ओळ आणि भिंतीचे कोपरे तिरपे होतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड, म्हणजे पडद्यावरच्या आडव्या-उभ्या रेघांची जाळी, सुरू केली की शिरोरेषा तिच्याशी जुळवता येते. पेंटरने सूत मारून आखलेली ओळ असते, तिचा मान राखावा. सेल्फी काढणार असाल तर आणखी एक. बऱ्याच फोनमध्ये पुढचा कॅमेरा आरशासारखा उलटा फोटो ठेवतो आणि मागची सगळी अक्षरं उलटी उमटतात. तो ‘मिरर’ पर्याय बंद करावा.

भिंतीला पाठ टेकून उभं राहायची पोज सगळ्यांना आवडते. सिमेंटच्या, ऑइलपेंटच्या भिंतीला ती चालते. चुन्याच्या भिंतीला टेकलं की पाठीवर पांढरा पट्टा, गेरूला टेकलं की लाल. चुन्यात डिंक कमी पडला असेल तर नुसता हात लावूनही भुकटी सुटते, आधी काळ्या रुमालाने पुसून बघावं. डाग पडलाच तर ओल्या हाताने चोळू नये. पूर्ण वाळू द्यावा, झटकावा, मऊ ब्रशने काढावा. रेशमाला आणि कोशाला, म्हणजे टसर रेशमाला, ताजा चुना तर लागूच देऊ नये. चुन्यातला क्षार रेशमाचा धागा खातो.

तसंही टेकण्यात फोटोचा फायदा नसतोच. भिंतीपासून चार-पाच फूट पुढे यावं. सावली भिंतीवर न पडता जमिनीवर पडते, माणूस चित्रात चिकटवल्यासारखा दिसत नाही आणि भिंतीचा रंग हनुवटीवर चढत नाही. शाळेच्या हिरव्या ऑइलपेंटजवळ उभी राहिलेली मुलगी आजारी का दिसते, याचं उत्तर एवढंच आहे. त्या पट्ट्यावरून परतलेला हिरवा उजेड गळ्याखाली येऊन बसतो. फोटो काढणाऱ्याने आणखी आठ-दहा फूट मागे जाऊन दुप्पट झूम लावावा. बोळ अरुंद असेल आणि मागे जायला जागाच नसेल तर वाइड लेन्सचा मोह टाळावा. तीत कडेला आलेले पाय लांबतात, फोन खाली असेल तर चपला डोक्याहून मोठ्या दिसतात. अशा वेळी समोरच्या घराच्या छपरीत शिरावं, नाहीतर कमरेपर्यंतच फोटो घ्यावा.

आता उजेड. विदर्भात अर्धा फोटो उन्हातच बिघडतो. मेच्या शेवटी नागपूरच्या अक्षांशावर दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली गोळा होते आणि चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी नुसत्या खोबण्या उरतात. पारा 45 कडे गेलेला असतो तेव्हा फोनचा पडदाही आपोआप मंद होतो, कधी कॅमेरा बंदच पडतो. त्या दिवसांत साडेसातच्या आत उरकावं. खरा हंगाम दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंतचा. पावसाने ओघळलेल्या भिंती दिवाळीला नव्याने सजलेल्या असतात आणि सूर्य दक्षिणेला कललेला असतो. या काळात उत्तरेकडे तोंड असलेली भिंत दिवसभर सावलीत राहते, तिच्यासमोर कधीही उभं राहा, उजेड सारखाच मऊ. पूर्वेकडे तोंड असलेली भिंत दुपारनंतर वापरावी, पश्चिमेची सकाळी. ऑइलपेंटवर तिरपं ऊन आलं की चकाकीचा पांढरा डाग पडतो आणि अक्षरं धुऊन जातात. दोन पावलं बाजूला झालं की डागही सरकतो. चेहऱ्यावर उजेड कमी पडला तर खताचं रिकामं पांढरं पोतं उलटून गुडघ्यापाशी धरावं. विकतच्या रिफ्लेक्टरचं काम ते फुकटात करतं. पोतं आधी झटकलेलं असावं, एवढंच.

पांढऱ्या भिंतीपुढे फोन फसतो. एवढा उजेड बघून तो फोटो काळवंडवतो, चेहरा कोळसा. चेहऱ्यावर बोट दाबून धरावं आणि शेजारच्या सूर्याच्या खुणेवरून उजेड थोडा वाढवावा. गेरूच्या गडद भिंतीपुढे आजोबांचं पांढरं धोतर असेल तर नेमकं उलटं करायचं. उजेड उतरवायचा, नाहीतर धोतराच्या निऱ्या दिसतच नाहीत, नुसता पांढरा ठोकळा.

आणि मग कपडे. करवती काठाचं कोशाचं लुगडं भंडाऱ्याकडच्या मोहाडी-आंधळगावचं. कोशाचा अंगचा रंग मधासारखा, मातीच्या किंवा पिवडीच्या (पिवळ्या मातीच्या रंगाच्या) भिंतीपुढे तो विरघळून जातो. त्याला निळीची भिंत द्यावी. काठावरचे दाते करवतीसारखे, म्हणून नाव करवती. ते उमटवायला विणकर अंगासाठी एक आणि दोन्ही काठांसाठी एकेक असे आडवा धागा नेणारे तीन धोटे चालवतो आणि दर फेरीला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवतो. एवढी मेहनत दहा फुटांवरून दिसत नाही. एक फोटो उभा घ्यावाच, पण दुसरा पदर हातावर घेऊन दोन फुटांवरून, मागे गेरूचा पट्टा पुसट ठेवून. या दुसऱ्या फोटोशिवाय करवती लुगडं नेसल्याचा पुरावा नाही, असं आमचं ठाम मत आहे.

नाटकाच्या पोस्टरांची भिंत सगळ्यात बोलभांड. तिच्यापुढे फुलाफुलांचं काही घालू नये. एकरंगी सदरा, खांद्यावर पांढरा दुपट्टा, बस. बारीक चौकड्यांचा शर्ट तर टाळावाच, फोनच्या पडद्यावर त्यात लहरी उठतात; एक पाऊल पुढे-मागे केल्याने कधी जातात, कधी नाही. 14 एप्रिलला निळ्या भिंतीपुढे पांढरं पातळ किंवा पांढरा कुर्ता हा वर्षातला सगळ्यात स्वच्छ मेळ असतो. तिथे बाबासाहेबांचं चित्र असेल तर ते झाकून किंवा त्याला पाठ करून उभं राहू नये, बाजूला सरकावं. फोटोही तसाच जास्त चांगला येतो. मुलींनी उन्हाचा स्कार्फ दहा मिनिटं आधी सोडावा, त्याचा वळ गालावर राहतो. पावसाळ्यानंतर काळ्या मातीतून चालत आला असाल तर चपला आधी दगडावर घासाव्यात. झूम केल्यावर बघणाऱ्याची नजर पहिली तिथेच जाते.

विचारल्याशिवाय कुणाच्या भिंतीपुढे उभं राहू नये. शाळेत गुरुजींना विचारावं आणि रविवार गाठावा. घर असेल तर दारातल्या काकूंना. नकार सहसा मिळत नाही, फार तर दोरीवरची वाळवणं काढायला पाच मिनिटं लागतात. दिवाळीच्या तोंडावर मात्र उत्तर येतं, “आज नको वं माय. उद्या गेरू मारतो, परवा ये.” हे ऐकावं. ओला गेरू गडद तपकिरी दिसतो, वाळला की विटकरी होतो. पातळ कोणतं नेसायचं ते परवाच ठरवावं.